गायींची पंगत

(पारनेर तालुक्यातल्या एका वस्तीवरचा गोठा. दहा गायी; पाचजणींच्या गळ्यात लाल दावं, पाचजणींच्या निळं. बनुबाई गायींचं आंबोण, म्हणजे भिजवलेली पेंड न् भुसा, कालवतायत. त्यांचा मुलगा हनुमंत दुधाच्या किटल्या मोटारसायकलला बांधतोय. जनावरांची डॉक्टर दिशा सकाळच्या गाडीनं नगरहून आलीय.)

दिशा : चहा राहू द्या, मावशी. आधी मला एवढं सांगा, निळ्या दाव्याच्या गायींना तुम्ही कुठली पुडी घालत होता?

बनुबाई : निळीच की. आगं पन टेक तरी. आल्यापासनं उभ्यानं घिरट्या घालतीयास, गायी बुजत्यात माज्या.

दिशा : बसवत नाही मला. निळी निळ्यांना आणि लाल लालांना, बरोबर?

बनुबाई : व्हय.

दिशा : रोज? तिन्ही महिने?

बनुबाई : आता काय शपथ घालतीस का? हनुमंता, बघ रं, ही काय ठाण्यातनं आल्यागत इचारतीय.

हनुमंत : मॅडम, पुड्या मी टायमाला आणून देत हुतो. तुमच्या कागदावर सही बी माजीच हाय. काय घोळ झालाय का?

दिशा : घोळच आहे. तुमच्या गायींचे रक्ताचे रिपोर्ट आलेत.

हनुमंत : मग? वाईट हाय का काय? हरणीचं काय निघालं? मला शनवारी तिला बाजार दाखवायचाय. आता चौथ्यांदा उलटली ती. दर येळंला भरवायची, आन् एकवीस दिसांनी परत माजावर. भाकड जनावर किती दिस पोसायचं?

बनुबाई : हरणीचं नाव काढू नको हां. सकाळच्या पारी.

हनुमंत : नाव न्हाई काढलं म्हनून ती गाभन ऱ्हानार हाय का?

दिशा : ऐका, दोघंही ऐका. हनुमंतभाऊ, हे सगळं कशासाठी चाललंय ते आठवतं का तुम्हाला?

हनुमंत : गायी उलटत्यात म्हनून. तुमी पुड्या दिल्या. लाल आन् निळ्या.

दिशा : दोन रंग का?

हनुमंत : ते... कंपन्या दोन असतील.

दिशा : अरे देवा! वीस मिनिटं समजावलं होतं मी तुम्हाला, याच ओट्यावर!

हनुमंत : तवा मला डेअरीतनं फोन येत हुते, मॅडम.

दिशा : परत सांगते. मला वाटलं, इथल्या जमिनीत क्षार कमी, म्हणून चाऱ्यात कमी, म्हणून गायींच्या अंगात कमी, म्हणून त्या उलटतायत. पण हे झालं माझं वाटणं. वाटण्याला कुत्रं विचारत नाही, ते तपासायला लागतं. म्हणून बारा घरं घेतली, अठ्ठावन्न गायी. प्रत्येक घरात निम्म्या गायींना क्षारांची भुकटी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी कोंड्याची पुडी. कुठल्या रंगात काय आहे, ते मलासुद्धा ठाऊक नव्हतं. कागद माझ्या मार्गदर्शक सरांच्या कपाटात, पाकीट चिकटवून.

हनुमंत : तुमालाच ठावं न्हाई? मग तुमी कसल्या डॉक्टर?

दिशा : ठाऊक असतं, तर औषधवाली गाय मी जास्त मायेनं तपासली असती. जराशी बरी दिसली की "खूप बरी" असं लिहिलं असतं. मन लबाड असतं, हनुमंतभाऊ. माझंसुद्धा.

बनुबाई : ते मातर खरं.

दिशा : गुरुवारी पाकीट फोडलं. लाल म्हणजे औषध, निळं म्हणजे कोंडा. आणि तुमच्या घरी काय निघालं? दहाच्या दहा गायींच्या रक्तात क्षार सारखे. लालही तेवढेच, निळेही तेवढेच. ना वर, ना खाली, मधोमध लटकलेले.

हनुमंत : मशीन बिघडलं असंल त्या लॅबचं.

दिशा : मलाही तेच वाटलं. तेच नमुने दुसऱ्या लॅबला दिले. तेच आकडे. मग वाटलं, पुड्या भरतानाच गडबड झाली. उरलेल्या पुड्या फोडून तपासल्या, लालमध्ये औषध, निळ्यात कोंडा, चोख. मग वाटलं, तुमच्या चाऱ्यातच काहीतरी असेल. गेल्या महिन्यात नेलेली वैरण तपासली, शेजारच्यांसारखीच. पाणी तपासलं. दावी बदलली असतील म्हणून आल्या आल्या कानातले बिल्ले बघितले, तेही बरोबर. एकेक दार लावत आले मी, मावशी. आता एकच उघडं आहे. घमेल्यापासून गायीच्या तोंडापर्यंत.

हनुमंत : घमेलं तर आयेकडंच असतंय. आये?

बनुबाई : किटल्या ने तू. दूध नासंल.

हनुमंत : दूध न्हाई नासत दहा मिंटात. आये, काय केलंस तू?

बनुबाई : मला अडाण्याला काय कळतंय त्यातलं.

दिशा : मावशी, मी भांडायला नाही आले. मला सोमवारी सरकारी खात्याला कळवायचंय. ही भुकटी लागू पडते की नाही, एवढं एकच उत्तर. ते "हो" निघालं तर पुढं गावोगाव वाटणार आहेत, "नाही" निघालं तर बंद. दोन वर्षं मी यामागं आहे. उत्तर काहीही येवो, पण खरं यायला पाहिजे. रागावणार नाही मी. सांगा.

बनुबाई : रागावशील.

दिशा : नाही रागावणार.

बनुबाई : दोन्ही पुड्या मी एकाच घमेल्यात फोडीत हुते. आंबोणात कालवायच्या, न् दहाजनींना सारखं वाटायचं.

दिशा : रोज?

बनुबाई : पहिले आठ दिस न्हाई. पहिले आठ दिस तू सांगितलंस तसंच केलं.

दिशा : अहो पण का? का मावशी? कशासाठी?

बनुबाई : बघ, रागावलीस.

दिशा : रागावू नको तर काय करू! सगळं मुसळ केरात!

हनुमंत : आये, सही माजी हाय त्या कागदावर! माजं नाक कापलंस तू!

बनुबाई : तुजं नाक ऱ्हाऊ दे, दूध घालून ये आधी. पोरी, ऐक. आठ दिस घातलं मी तसं. नवव्या दिशी बघते तर लाल दाव्याच्या गायी घमेलं चाटून पुसून साफ करत्यात, न् निळ्या दाव्याच्या माना लांब करून यांच्याकडं बघत्यात. मला वाटलं, हे काय गौडबंगाल? मी दोन्ही पुड्यांतलं चिमूटभर जिभेवर ठेवलं.

दिशा : तुम्ही खाल्लंत?

बनुबाई : चाखलं. गायीला काय घालते ते माझ्या जिभंला नको कळायला? लाल खारट, तुरट. निळीत नुस्ता कोंडा. मी म्हनलं, आस्सं हाय व्हय! एकीला पक्वान न् एकीला भुस्सा, ते बी एका दावनीला बांधून! पंगतीत परपंच करू न्हाई म्हनत्यात. मान्साच्या पंगतीत एकाला तूप न् शेजारच्याला कोरडी भाकर वाढली तर वाढनारीचे हात झडत्यात. मंग या मुक्या जिवांनी काय घोडं मारलंय?

दिशा : मावशी, ही पंगत नव्हती. ही तपासणी होती.

बनुबाई : तुज्या वहीत तपासनी आसंल. माझ्या दावनीला पंगतच हाय ती. तू म्हयन्यातनं एकदा येतीस. मी रोज दोन येळा त्यांच्या डोळ्यांत बघून वाढते.

हनुमंत : डोळ्यांत बघून म्हनं! आये, तू त्यांच्यासंगं सोयरीक कर आता.

बनुबाई : हसायला काय जातंय तुला. बहात्तरच्या दुष्काळात आमी समदी खडी फोडायला. मी सात वर्सांची. कामावर नाव आसंल त्याला सुकडी मिळायची. आईचं नाव हुतं, आमचं चौघा पोरांचं न्हवतं. तो वाटणारा आईच्या पदरात वाढायचा न् आमच्यावरनं नजर पुढं न्यायचा, जनू आमी दगडं. मला अजून तो मानूस दिसतो. मला त्याच्यागत हुयाचं न्हवतं, पोरी. त्या निळ्या गायींपुढं कोंडा वताया गेले न् मला तोच दिसला. आईनं काय केलं? आपली मूठभर सुकडी पाच ठिकाणी केली. अर्धपोट, पन सारखं. तेच केलं मी.

दिशा : अर्धपोट पण सारखं...

बनुबाई : चुकलं का?

दिशा : मावशी, सुकडीचं ठीक आहे. अर्धी भाकरी म्हणजे अर्धी भूक भागते. औषधाचं तसं नसतं. निम्मं औषध म्हणजे निम्मा गुण नव्हे. कधी कधी काहीच गुण नाही. दहाजणींना निम्मं दिलंत, म्हणजे कदाचित एकीलाही पुरलं नाही.

बनुबाई : एकीलाबी न्हाई?

हनुमंत : हरणीचं दावं लाल हाय.

बनुबाई : तू गप.

हनुमंत : गप कसा? लाल म्हंजी औषध. हरणीला पुरं औषध मिळायला पायजे हुतं. तू ते निळ्यांत वाटलंस. मॅडम, म्हनून उलटली का ती? सांगा खरं.

दिशा : नाही सांगता येत.

हनुमंत : आसं कसं न्हाई सांगता येत?

दिशा : पुरं दिलं असतं तर राहिली असती असं म्हणायला आधी हे औषध लागू पडतं हे ठरायला हवं. तेच तर ठरवत होतो! ते ठरायच्या आधीच मोडलं.

बनुबाई : माझ्या हातानं उलटली म्हन की सरळ. माजा मालक गेला त्या साली जलमली ती. तिची आई दूध पाजीना. बाटलीनं वाढवलीय मी. न् मीच तिच्या तोंडचं काढून...

दिशा : मावशी, रडू नका. मी तसं म्हटलेलं नाही. जे माहीत नाही ते माहीत नाही. तुमच्या माथी मारायचं म्हटलं तरी पुरावा लागतो, आणि माझ्याकडे नाही.

हनुमंत : मॅडम, आता एवढं मनाला लावून घेऊ नका. आमचं घर गाळा ना वहीतनं. दहा गायी कमी. अठ्ठेचाळीस तर ऱ्हायल्या.

दिशा : एक घर असतं तर मी आज गाडीभाडं मोडून आले असते का? रंगुबाईंच्या गोठ्यात हेच आकडे आहेत. भागवतकाकांच्या गोठ्यात हेच. एकूण सात घरांत. तेच कळत नाहीये मला, एकाच वेळी सात घरांत कसं... मावशी, खाली काय बघताय?

बनुबाई : काय न्हाई.

दिशा : मावशी.

बनुबाई : डेअरीवर बोलले हुते मी.

हनुमंत : काय बोललीस?

बनुबाई : सकाळी बाया दूध घालायला येत्यात. मी म्हनलं, बायांनो, निळ्या पुडीत नुस्ता कोंडा हाय, पाप घेऊ नका पदरात. दोन्ही एकात कालवा न् समद्यांना द्या. रंगू म्हनली, डॉक्टरीण रागावंल. मी म्हनलं, तिला कोन सांगतंय!

हनुमंत : आये! आगं तू पुढारीच झालीस की! सात घरं!

बनुबाई : आठवी लंकाबाई. पन ती इसरभोळी, तिनं एक बी पुडी फोडली नसंल.

दिशा : हसू की रडू, तेच कळत नाही मला.

हनुमंत : तुमचं सर काय म्हनत्यात?

दिशा : त्यांना तुमच्या घराचंच सांगितलंय. ते म्हणाले, न बसणारी घरं गाळ आणि पुढं हो. सात गाळली तर उरतात पाच घरं, बावीस गायी. त्या बावीसमध्ये लालवाल्या थोड्या बऱ्या दिसतात.

हनुमंत : मग झालं की! लिहा, औषध चांगलं. आमालाबी बरं, तुमालाबी बरं.

दिशा : बावीस गायींत दोन-तीन इकडच्या तिकडं झाल्या की उत्तर फिरतं. उद्या गावोगावच्या बाया हे घालतील, वर्षभर वाट बघतील, आणि गायी उलटायच्या तशाच उलटतील. मग? आणि सात घरं का गाळली हे लिहिलं नाही, तर ते खोटंच.

बनुबाई : माजं नाव लिवशील?

दिशा : नाव कुणाचंच नाही. पण झालं ते सगळं लिहीन. आणि माझी चूकसुद्धा. सही घेतली हनुमंतभाऊंची, समजावलंही त्यांनाच. आंबोण कोण घालतं? तुम्ही. बारा घरांत बाराही ठिकाणी बाईच घालते. आणि मी एकाही बाईला विचारलं नाही की हे तुम्हाला जमेल का, पटेल का.

बनुबाई : इचारलं असतंस तर मी तवाच न्हाई म्हनले असते.

दिशा : तेवढं तरी कळलं असतं.

बनुबाई : पन मला एक सांग. समद्यांनाच औषध दे न् बघ ना गुण येतो का. एवढं उपाशी ठिवायचं कशाला निम्म्यांना?

दिशा : यंदा पाऊस बरा झाला. बांधावर हिरवं आहे. समजा सगळ्यांना दिलं आणि गायी गाभण राहिल्या. कशानं राहिल्या? औषधानं, की हिरव्या चाऱ्यानं? कसं ओळखाल?

बनुबाई : हिरव्यानं बी ऱ्हात्यात. गेल्याच्या आदल्या साली ऱ्हायल्या हुत्या.

दिशा : मग? त्याच गोठ्यातल्या, तोच चारा खाणाऱ्या, फक्त औषध नसलेल्या गायी शेजारी असल्या तरच कळेल. त्या निळ्या गायी उपाशी नव्हत्या, मावशी. त्या साक्षीला होत्या.

बनुबाई : साक्षीला... हां. पन साक्षीदाराला बी जेवाय लागतं की गं.

दिशा : म्हणूनच मी अडकलेय. तुमचा हात निम्म्यांना वगळून वाढणार नाही. आणि न वगळता मला उत्तर मिळणार नाही. पावणेबाराची गाडी आहे माझी, आणि डोकं चालत नाहीये.

बनुबाई : पंगती दोन बसव की मंग.

दिशा : काय?

बनुबाई : लगनात काय करतो आपन? हजार मानूस एका टायमाला बसतं का? पहिली पंगत उठली की दुसरी. ताट तेच, वाढप तेच. दुसऱ्या पंगतीवाला मांडवात ताटकळतो, पन उपाशी न्हाई जात. त्याला परपंच न्हाई म्हनत कोन.

दिशा : थांबा... थांबा थांबा. निम्म्यांना आधी. तीन महिने. तोवर उरलेल्या साक्षीला. मग त्यांना तीन महिने... सगळ्यांना पुरं औषध, आणि तुलनाही होते. आणि दुसऱ्या पंगतीत परत तोच फरक दिसला तर... मावशी! कोंड्याच्या पुड्याच नकोत मग. पण तुम्हाला सगळं दिसत राहणार, कुणाला मिळतंय ते.

हनुमंत : मंग मन लबाडी करंल ना, मॅडम? तुमीच म्हनला.

दिशा : करेल. म्हणून निकाल मनावर नाही सोडायचा. गाभण आहे की नाही ते तिसराच माणूस तपासेल, त्याला पंगत माहीत नसेल. दावी काढून टाकू. आणि आधी महिनाभर कुणालाच काही नाही. अंगातलं उतरू दे.

हनुमंत : आन् सोमवारचं?

दिशा : सोमवारी सांगेन, उत्तर नाही मिळालं, आणि का नाही मिळालं. आठ महिने आणखी मागेन. देतील किंवा नाही देतील. पण मागेन.

बनुबाई : पहिल्या पंगतीला कोन बसंल?

दिशा : चिठ्ठ्या टाकायच्या.

बनुबाई : चिठ्ठ्या कशाला? ज्यांना निकड, त्या आधी. हरणीला बसव. शनवारी बाजार हाय तिचा.

दिशा : निकडीच्या आधी बसवल्या तर पहिल्या पंगतीत सगळ्या आजारी आणि दुसरीत सगळ्या धडधाकट. मग तुलना कशाशी? चिठ्ठीला माया नसते, म्हणून चिठ्ठी.

बनुबाई : बरं. टाक. पन हनुमंताला काढाय लाव.

हनुमंत : द्या इकडं. दहा नावं ना? पाच पहिल्या पंगतीला. ही घ्या... मोरणी. पवळी. ही कोन... ढवळी. चौथी, कपिली.

बनुबाई : एकच ऱ्हायली.

हनुमंत : बांडी.

बनुबाई : नीट वाच.

हनुमंत : नीटच वाचलं, आये. बांडी. हरणी दुसऱ्या पंगतीला.

दिशा : मावशी...

हनुमंत : मॅडम, जाऊ द्या ना. बांडी परवाच भरवलीय, तिला निकड न्हाई. ही चिठ्ठी आत टाका, दुसरी काढतो. तिघंच हावोत आपन.

दिशा : एकच चिठ्ठी आहे म्हणा. अठ्ठावन्नातली एक गाय. मावशी, तुम्ही म्हणाल तर... एकदाच. मी डोळे मिटते.

बनुबाई : मिटू नको.

दिशा : हरणी आहे, मावशी.

बनुबाई : मला ठावं न्हाई व्हय ती कोन हाय ते? आज मी तिच्यासाठी फिरवली तर उद्या रंगू तिच्या गायीसाठी फिरवंल. भागवताची बायकू फिरवंल. समद्यांच्या लाडक्या पहिल्या पंगतीला. मागच्या टायमाला डेअरीवर मीच सांगितलं हुतं समद्यांना. आता उलटं सांगायला बी मीच जानार. कुठल्या तोंडानं सांगू, सांग.

हनुमंत : आन् शनवार?

बनुबाई : शनवारी तू एकला जा बाजारात. गाय न्हाई जायाची. तिची वैरण मी कापंन, शेण मी काढंन. तुज्या डोळ्यापुढं नको असंल तर पल्याडच्या छपरात बांधते.

हनुमंत : मी काय कसाई हाय का, आये? ऱ्हाऊ दे. आठ म्हयने ऱ्हाऊ दे.

दिशा : मावशी, एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. दुसऱ्या पंगतीत औषध मिळालं म्हणून ती गाभण राहीलच, असं मी नाही सांगू शकत. तेव्हाही उलटू शकते.

बनुबाई : आगं, ते तुला आधीच सांगता आलं असतं तर तू आमच्या गोठ्यात आली कशाला असतीस? लिही तिचं नाव.